काचेच्या तंतूतून तिसरी मिती

ऑप्टिकल फायबरची जोडणी कधी जवळून पाहिली आहे का? रस्त्याकडेला खणलेला चर, पाइपाची वेटोळी आणि ताडपत्रीच्या आडोशाला मांडी घालून बसलेला जोडारी. तो केबलचं जाड वेष्टन सोलतो, आतल्या रंगीत तंतूंपैकी हवा तो निवडतो, त्याच्यावरचा प्लास्टिकचा थर खरवडून काढतो, स्पिरिटने पुसतो आणि कटरने टोक सरळ तोडतो. हातात उरतो तो ०.१२५ मिलिमीटर जाडीचा काचेचा धागा. प्रकाश वाहतो तो त्याच्याही पोटातल्या जेमतेम ९ मायक्रोमीटर रुंदीच्या गाभ्यातून. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन धाग्यांचे गाभे नेमके समोरासमोर आले नाहीत, तर प्रकाश जोडावरच सांडून जातो.

मग हे दोन्ही धागे जोडणीच्या यंत्रात ठेवले जातात. यंत्राच्या छोट्या पडद्यावर धाग्याच्या टोकांची एक नव्हे, दोन चित्रं उमटतात. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन कॅमेरे एकाच जागेकडे बघत असतात. एका चित्रात टोकं तंतोतंत एका रेषेत दिसतात, पण दुसऱ्या चित्रात त्यांतलं एक वर सरकलेलं असतं. चांगल्या यंत्रातल्या मोटरी दोन्ही चित्रं जुळेपर्यंत धागे तसूतसूने हलवतात. मग ठिणगी पडते, काच वितळते आणि दोन धाग्यांचा एक धागा होतो.

वस्तू एकाच बाजूने पाहिली तर ती किती पुढे आहे आणि किती मागे, हे कळत नाही. त्यासाठी दुसरी नजर लागते. त्रिमिती चित्राचं सगळं शास्त्र या एका गरजेतून उभं राहिलं आहे. असं चित्र काचेच्या तंतूतून दूरवर पाठवायचं, तर आधी ही दुसरी नजर मिळवायची, मग ती तंतूतून न्यायची आणि शेवटी पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती पुन्हा उभी करायची, अशी तीन कामं करावी लागतात. मधलं काम आता बरंचसं साधलं आहे. खरी अडचण दोन्ही टोकांना आहे, आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या जिल्ह्याने ती नीट समजून घेतली पाहिजे.

दोन डोळ्यांची किमया

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतराचा हिशोब मांडतो. चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे सिद्ध करून दाखवलं. त्याने एकाच वस्तूची दोन वेगवेगळ्या कोनांतून काढलेली सपाट रेखाटनं आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला वेगवेगळी दाखवली आणि पाहणाऱ्यासमोर भरीव वस्तू उभी राहिली. जॉन लोगी बेअर्डने हीच युक्ती ऑगस्ट १९२८ मध्ये लंडनला दूरचित्रवाणीवर आणली. २०१३ साली आलेल्या ‘झपाटलेला २’ या मराठी त्रिमिती चित्रपटासाठी प्रेक्षकांनी जो चष्मा लावला, त्याचंही काम तेच होतं: उजव्या डोळ्याला उजवं चित्र आणि डाव्याला डावं.

ही युक्ती स्वस्त आहे, पण अपुरी आहे. खरी वस्तू समोर असते तेव्हा आपण मान हलवली की तिची मागची बाजू थोडी उघड होते. डोळ्यातलं भिंगही त्या वस्तूच्या अंतरानुसार आपली जाडी बदलतं. पडद्यावरच्या दोन चित्रांच्या खेळात मान हलवूनही काही नवं दिसत नाही. नजर वस्तूच्या भासमान अंतरावर वळलेली असते आणि भिंग मात्र पडद्याच्या अंतरावर रोखलेलं असतं. डोळ्यांची ही ओढाताण फार वेळ चालली की डोकं दुखू लागतं. तीन तासांच्या करमणुकीत हे खपून जातं, पण तासन्‌तास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसाठी हा प्रश्न गंभीर आहे.

काचेतून चित्र नेण्याची खटपट

तंतूतून प्रकाश बाहेर का सांडत नाही, याचं उत्तर सोपं आहे. गाभ्याची काच आणि तिच्याभोवतीच्या आवरणाची काच यांच्या गुणधर्मांत थोडा फरक ठेवलेला असतो. प्रकाश फार तिरपा येऊन त्या सीमेवर आदळला की बाहेर न पडता पूर्णच्या पूर्ण आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. असं परतत परतत तो वळणावळणाच्या वाटेनेही पुढे जातो.

विशेष म्हणजे काचेच्या तंतूंचा पहिला विचार झाला तो बोलणं किंवा आकडे पाठवण्यासाठी नव्हे, चित्र पाठवण्यासाठी. हाइनरिश लाम हा म्युनिकचा वैद्यकीय विद्यार्थी. शरीराच्या आत डोकावता यावं म्हणून त्याने १९३० मध्ये काचतंतूंची जुडी बांधली आणि दिव्याच्या तारेची अंधुक प्रतिमा तिच्यातून पलीकडे नेली. पुढे २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ अंकात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचा निबंध आला. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले आणि आग्र्यात शिकलेले कपानी तेव्हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संशोधन करत होते. तंतूंची जुडी दोन्ही टोकांना एकाच क्रमाने बांधली, तर प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेतो आणि जुडी वाकवली तरी चित्र टिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच अंकात नेदरलँड्सच्या अब्राहम व्हान हील यांनी तंतूला आवरण हवं ही कळीची सूचना केली होती. १९५६ मध्ये अमेरिकेत लॅरी कर्टिसने काचेवर काचेचंच आवरण चढवलं आणि लवकरच बेसिल हिर्शोविट्झ यांची लवचीक दुर्बीण रुग्णांच्या जठरात उतरू लागली.

तरी हे अंतर हातभराचंच होतं. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दावा केला की काच पुरेशी शुद्ध केली, तर प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर जाईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी बनवलेल्या तंतूतून एका किलोमीटरनंतर सुमारे दोन टक्के प्रकाश शिल्लक राहिला आणि तेवढ्यावर जगाने टाळ्या वाजवल्या. आजच्या तंतूत शंभर किलोमीटरनंतर एक टक्का उरतो. म्हणजे बालाघाटात सोडलेला प्रकाश नागपूरपर्यंत पोहोचवायला वाटेत एखाद-दोन ठिकाणी जोर दिला की भागतं. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

हा तंतू आपल्याकडेही बनतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांत ही काच घडते. वायुरूप रसायनांपासून अतिशुद्ध काचेची कांडी तयार होते. उंच मनोऱ्यात दोन हजार अंशांच्या आसपास तापवून तिचं टोक मऊ करतात आणि मग तिच्यातून सलग धागा ओढला जातो.

खोली तंतूत कशी शिरते?

जुडीतून जाणारं चित्र सपाट असतं. त्याला खोली द्यायचा सरळ उपाय म्हणजे शेजारी शेजारी दोन वाटा ठेवणं: एक डाव्या डोळ्याची, एक उजव्या. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी त्रिमिती दुर्बीण याच तत्त्वावर चालते. तिच्या टोकाला काही मिलिमीटर अंतरावर दोन नजरा असतात. आजच्या पुष्कळ दुर्बिणींत कॅमेऱ्याची चकती थेट टोकावरच बसते आणि काचतंतूंकडे आत उजेड पोहोचवण्याचं काम राहतं.

दुसरा उपाय अधिक नवलाचा आहे. जुडी नकोच, चित्र न्यायला एकच तंतू पुरेल का? ५० मायक्रोमीटरचा गाभा असलेल्या तंतूतून दृश्य प्रकाश शेकडो, अगदी हजारभर वेगवेगळ्या ढंगांनी जाऊ शकतो. प्रत्येक ढंगाची वाट निराळी आणि वेळही निराळी. आठवडी बाजाराला एकाच गावातून निघालेल्या बैलगाड्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या तर बाजारात त्यांचा क्रम विस्कटलेला दिसतो, तसं चित्र पलीकडे पोहोचताना विस्कटून नुसते चमचमते ठिपके दिसतात. पण कोणती वाट किती वेळ घेते हे एकदा मोजून ठेवलं, तर पोहोचलेल्या क्रमावरून निघतानाचा क्रम मांडता येतो. शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. आधी ओळखीचे प्रकाश-नमुने तंतूतून पाठवून त्याचा सगळा स्वभाव मोजतात. मग जाणारा प्रकाश मुद्दाम अशा उलट्या रीतीने विस्कटतात की पलीकडे तो एका बिंदूवर एकवटतो. हा बिंदू दृश्यावरून झरझर फिरवला की चित्र उभं राहतं.

आता यात खोली आणायची. ग्लासगो विद्यापीठाच्या माइल्स पॅजेट यांच्या गटाने २०२१ च्या शेवटी ‘सायन्स’मध्ये याची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी सलग प्रकाशाऐवजी अत्यंत छोटे झोत सोडले आणि प्रत्येक झोत वस्तूवर आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजलं. हवेत प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. एक मिलिमीटर खोलीचा फरक ओळखायचा, तर जाऊन-येऊन दोन मिलिमीटरचा, म्हणजे एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागाची सुमारे सात पटी एवढा वेळ मोजावा लागतो. या गटाने झोतांचा परतीचा वेळ मोजून जाड केसाएवढ्या, हातभरही लांब नसलेल्या तंतूच्या टोकापलीकडचं हलतं त्रिमिती दृश्य पाहिलं. यातली मोठी अडचण अशी, की तंतू वाकला की त्याचा मोजलेला स्वभाव बदलतो. म्हणून ही रीत अजून प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याच्या धडपडीत आहे.

तिसरा मार्ग मोठ्या अंतरांसाठी आहे. तिथे चित्र चित्र म्हणून जातच नाही. दोन कॅमेऱ्यांची, लेसर मोजणीची किंवा सीटी स्कॅनची माहिती आकड्यांत बदलते, आकडे प्रकाशाच्या उघडझाप ठिणग्या होतात आणि पलीकडे पुन्हा आकडे बनतात. तंतूला खोली, रंग, आवाज यांतलं काहीच कळत नाही. म्हणूनच तो सगळं वाहू शकतो.

पलीकडच्या टोकाची परीक्षा

आलेल्या आकड्यांतून खरी वाटणारी वस्तू हवेत उभी करायची, तर वस्तूकडून येणारा प्रकाश जसाच्या तसा पुन्हा निर्माण करावा लागतो. साधा कॅमेरा प्रकाश किती आला एवढंच नोंदवतो. कोणत्या दिशेने आला हे हरवून टाकतो. गॅब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्ये त्यावर शेकडो बारीक भिंगांच्या चादरीचा उपाय सुचवला. प्रत्येक भिंग आपल्या जागेवरून दिसणारं चित्र नोंदवतं आणि तीच चादर उलट वापरली की दिशा परत मिळतात. डेनिस गॅबोर यांनी १९४७ मध्ये होलोग्राफीचा शोध लावला. त्यात वस्तूकडून आलेला प्रकाश दुसऱ्या सरळ प्रकाशाशी मिसळून त्यांच्या लहरींचा आलेख नोंदवला जातो. १९६० मध्ये लेसर आला आणि होलोग्राम प्रत्यक्षात झकास दिसू लागले. गॅबोर यांना १९७१ चं नोबेल मिळालं.

छापलेला होलोग्राम आज क्रेडिट कार्डावरही असतो. हलता होलोग्राम मात्र भलताच महाग पडतो. किती, ते आपण इथेच मोजू. तीस अंशांच्या कोनातून वस्तू नीट दिसायला पडद्यावरचे ठिपके साधारण एक मायक्रोमीटर अंतरावर हवेत. पडदा एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच धरला, तर रुंदीत दहा लाख आणि उंचीत पाच लाख ठिपके, म्हणजे एकूण ५० हजार कोटी. प्रत्येक ठिपक्याला आठ बिट आणि सेकंदाला तीस चित्रं धरली, की दर सेकंदाला १२० टेराबिट होतात. अनेक रंगांचे लेसर एकाच वेळी सोडणारी आजची उत्तम यंत्रणा एका तंतूतून काही दशक टेराबिट नेते. म्हणजे कच्चा होलोग्राम न्यायला एक तंतू पुरत नाही, चार-पाच जरी धरले तरी केबलमध्ये तेवढे असतातच. अडतं ते पडद्यापाशी. एक मायक्रोमीटर ठिपक्यांचा, सेकंदाला तीस वेळा बदलणारा मीटरभर पडदा अजून कुणी घराघरांत पोहोचवलेला नाही. म्हणून आजची व्यवहारी वाट अशी: वस्तूचा आकार तेवढा पाठवायचा आणि लहरींचा हिशोब पलीकडच्या संगणकाने करायचा.

अंतराची किंमत

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोनशे किलोमीटरना एक मिलिसेकंद. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जाक मारेस्को यांनी स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढलं. दृश्य आणि हातांच्या हालचाली समुद्राखालच्या फायबरमधून जात-येत होत्या. जाऊन-येऊन १४ हजार किलोमीटरचा हा प्रवास. हात हलवल्यापासून ती हालचाल पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. त्यांतले सुमारे ७० प्रकाशाच्या प्रवासाचे होते. उरलेल्यांतला मोठा वाटा चित्र आकड्यांत बांधण्यात आणि सोडवण्यात गेला. म्हणजे तिथेही जवळजवळ निम्मा उशीर टोकांनी केला.

बालाघाटच्या दृष्टीने हा हिशोब फार आशादायक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं. तरी दुखणं वाढलं की इथला माणूस आजही गोंदिया किंवा नागपूर गाठतो. प्रकाशाला हे अंतर एका मिलिसेकंदाचं आहे. सीटी स्कॅन म्हणजे मुळात शरीराचं त्रिमिती चित्रच. पाचशे कापांचा एक स्कॅन साधारण अडीचशे मेगाबाइटचा होतो. दहा मेगाबिटच्या कुरकुरत्या जोडणीवर तो जायला साडेतीन मिनिटं लागतात, गिगाबिटच्या फायबरवर दोन सेकंद. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत या दोन आकड्यांमधला फरक डॉक्टरला चांगलाच ठाऊक असतो.

जिल्ह्याला काय मागता येईल?

बालाघाटची ओळख जमिनीखालच्या धनाची. मलाजखंडला देशातला सर्वांत मोठा तांब्याचा साठा. भरवेलीला मँगनीजची खोल भूमिगत खाण, ती चालवणाऱ्या ‘मॉईल’चं मुख्यालय नागपुरात. टेलिफोनचं युग तांब्याच्या तारेवर चाललं. पुढचं युग काचेवर चालणार आहे. जगभरच्या भूमिगत खाणींत आता लेसर स्कॅनर फिरवून पोकळीच्या भिंतींचे लाखो बिंदू मोजतात आणि त्यांचं त्रिमिती चित्र फायबरवरून वर पाठवतात. छताचा कुठला भाग कालच्यापेक्षा खाली आला, हे दोन दिवसांची चित्रं एकमेकांवर ठेवली की कळतं. खाणकामगाराच्या जिवाच्या दृष्टीने याहून मोलाचं त्रिमिती चित्र दुसरं नाही.

निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा असलेल्या या जिल्ह्यात केबल टाकणं सोपं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट नावाने ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला मंजुरी मिळाली. त्यात केबलची रचना वर्तुळाकार ठेवण्यावर भर आहे, म्हणजे रस्तारुंदीत किंवा पुरात एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी. बैहर, परसवाडा, लांजीसारख्या तालुक्यांसाठी ही फार योग्य सुधारणा आहे.

पण वर मांडलेलं शास्त्र एकच गोष्ट वारंवार सांगतं. काचेचा तंतू आपलं काम चोख करतो. खोली पकडणारं यंत्र अलीकडच्या टोकाला नसेल आणि ती समजणारा माणूस पलीकडच्या टोकाला नसेल, तर पेटीत बंद फायबर असून नसल्यासारखं. त्यासाठी स्कॅन काढणारा तंत्रज्ञ हवा, तुटलेला तंतू त्याच दिवशी जोडणारा आयटीआयचा मुलगा किंवा मुलगी हवी आणि ठरलेल्या वेळी स्क्रीनसमोर बसणारा तज्ज्ञ हवा. यंत्रांपेक्षा हे खर्च कमी आहेत आणि त्यांतून रोजगारही जिल्ह्यातच राहतो.

म्हणून ‘आमच्या पंचायतीत फायबर आलं का?’ एवढं विचारून थांबू नये. त्याच्या टोकाला कोणतं यंत्र बसवलं, ते चालवायला कुणाला शिकवलं आणि पलीकडे पाहणारा डॉक्टर किंवा अभियंता आठवड्यातून किती वेळ देणार, हे तीन प्रश्न ग्रामसभेच्या नोंदवहीत लेखी यायला हवेत. त्यांची उत्तरं मिळाली की त्रिमिती चित्रासाठी लागणारं बाकीचं सगळं जमिनीत आधीच पुरलेलं आहे.